मदत हवी आहे: सीना नदीचं पाणी ओसरलं, आता काय पेरायचं?

सीनाकाठ: चार दिवस पाणी उभं होतं. सगळं गेलं. आता काय पेरू ते लवकर सांगा, बियाणं आजच आणायचंय. विम्याची तक्रार कुठं करायची?

माढेकर: मालक, गेलं काय? ऊस, तूर की डाळिंब? रान काळं का मुरमाड?

बार्शीचा: आधी ७२ तासांत ॲपवर तक्रार टाका.

माढेकर: तो नियम जुना झाला. खरीप २०२५ पासून एक रुपयाचा पीक विमा बंद, भरपाई आता महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडक रानातलं पीक कापून उत्पन्न मोजतात त्यावर. लोकांना उगाच पळवू नका.

सीनाकाठ: तूर, अडीच एकर, काळं रान. झाड उपटलं की मुळाची साल हातात सुटून येते, कुजका वास सुटलाय.

कडबावाला: मालदांडी ज्वारी पेरा! एकरी ४ किलो, किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. दाणे थोडे कमी आले तरी कडबा हाताशी राहतो. यंदा वैरण सगळी वाहून गेलीय.

माढेकर: आज १० ऑक्टोबर २०२५. ज्वारीची पेरणी १५ पर्यंत उरकायला हवी आणि काळ्या रानाला वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, कुठाय? ओल्यात पाभर (पेरणीचं अवजार) घातली तर नुसती ढेकळं निघतील. दिग्विजय जातीचा हरभरा घ्या, किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी चोळून. पाण्याची सोय असेल तर नोव्हेंबर लागला तरी चालतो.

कडबावाला: एवढ्या ओलीत हरभऱ्याला मर रोग लागणार. आमचा गेलाय एकदा.

माढेकर: म्हणूनच दिग्विजय म्हणतोय, मरीला टिकतो.

अडत्या: तूर गेली म्हणून भाव चढेल या आशेवर बसू नका. म्यानमार, मोझांबिकची तूर येतेच.

सीनाकाठ: भाव विचारलाच नाही हो. घरात पेरायला पैसे नाहीत.

माढेकर: दादा, रानात गाळ बसलाय की माती खरडून गेलीय? खरडलेल्या जमिनीला राज्याच्या यंदाच्या अतिवृष्टी पॅकेजमध्ये हेक्टरी ४७ हजार रोख आहेत. तलाठ्याच्या पंचनाम्यात ते वेगळं लिहून घ्या.

सीनाकाठ: वरच्या अंगाला वीतभर गाळ. नदीकडचं अर्धा एकर खरडलंय, खालचे दगड उघडे पडलेत. पंचनाम्यात नुसती तूर लिहिलीय.

माढेकर: मग बियाणं राहू द्या, आज आधी तलाठ्याकडे जा. ई-पीक पाहणीत, म्हणजे मोबाईलवरच्या सरकारी पीक नोंदीत, तूर नोंदवली होती ना?