रेड टॉर्नेडोला ‘चेष्टा’ म्हणणाऱ्यांसाठी

निशिगंधा
सोनटक्का यांनी काल ठोकून दिलं की वंडर वुमनच्या आधी कॉमिक्समध्ये दखल घ्यावी अशी नायिकाच नव्हती, आणि ‘डोक्यावर पातेलं घातलेली ती वाणीण म्हणजे निव्वळ चेष्टा’. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहिते.

ती वाणीण म्हणजे मा हंकेल, रेड टॉर्नेडो या नावाने गुंडांशी लढणारी. न्यूयॉर्कमध्ये किराणा दुकान चालवणारी, अंगाने थोराड, लेकुरवाळी. शेल्डन मेयरच्या ‘स्क्रिबली’ मालिकेतली. नोव्हेंबर १९४० च्या ‘ऑल-अमेरिकन कॉमिक्स’मध्ये तिची मुलगी सिस्टी आणि शेजारचा डिंकी गुंडांच्या तावडीत सापडतात. ही बाई थंडीत आत घालायचे लाल लोकरी कपडे चढवते, डोळ्यांपुरती भोकं पाडलेलं पातेलं डोक्यावर घालते आणि निघते. वंडर वुमन आली १९४१ च्या अखेरीस, म्हणजे वर्षभरानंतर! आणि हिला पाहून सगळे समजतात की हा कोणी पुरुषच आहे. एवढं धाडस बाई करेल हे कुणाच्या डोक्यातच येत नाही. याला चेष्टा म्हणायचं?

सोनटक्का
तारखा मलाही पाठ आहेत. मुद्दा शक्तीचा आहे. हिच्याकडे कुठली दिव्य शक्ती? जस्टिस सोसायटी या नायकांच्या संघाच्या पहिल्या बैठकीला आली आणि चड्डी फाटली म्हणून परत गेली. लेखकानेच तिला हसण्यावारी नेली, तुम्ही कशाला डोक्यावर घेता?

जुनीवही
शक्तीच हवी तर पहिला मान फॅन्टोमाचा. फ्लेचर हँक्सची नायिका, ‘जंगल कॉमिक्स’, फेब्रुवारी १९४०. रागावली की सुंदर चेहऱ्याची कवटी होते, पण सोनेरी केस तसेच. ती पानं एकदा पाहा, मग वंडर वुमनचं कौतुक सांगा. दोघांचंही चुकतंय.

निशिगंधा
फॅन्टोमा आधीची, मान्य. पण ती माणसात येतेच कुठे? आणि सोनटक्का, दिव्य शक्ती ही अट असेल तर बॅटमॅन बाद. तुमचा लाडका वेताळ, म्हणजे कॉमिक्समधला मुखवटाधारी फॅन्टम, तोही बाद.

सोनटक्का
वेताळाला मध्ये आणायचं काम नाही. १९३६ पासूनचा आहे तो.

दगडूशिंपी
का नाही आणायचं? वेताळाकडे तरी काय होतं? दोन पिस्तुलं, एक घोडा, एक लांडगा आणि वाडवडलांची पुण्याई. बाकी अफवा.

सोनटक्का
तोंड सांभाळून. वेताळाच्या गोष्टी छापणाऱ्या मराठी इंद्रजाल कॉमिक्सच्या अंकांवर आम्ही वाचायला शिकलो. वडिलांनी बाइंडिंग करून ठेवले होते. घर बदलताना ते रद्दीत गेले, ते दुःख अजून आहे. अफवा म्हणे!

दगडूशिंपी
रद्दीत आमचेही गेले. म्हणून खोटं खरं होत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बाप मेला की मुलगा तोच मुखवटा चढवतो आणि जंगलातल्या लोकांना अमर असल्याचं भासवतो. गोऱ्या माणसाचं राज्य टिकवायची युक्ती आहे ती.

जुनीवही
हे जरा अती झालं. लहानपणी गुहेतल्या कवटीच्या सिंहासनासाठी जीव टाकणाऱ्या पोरांना कुठलं राजकारण कळत होतं?

दगडूशिंपी
पोरांना नसेल कळत. आता आपण पन्नाशीत आहोत ना?

अंजनवेल
वेताळ आवरा. मला मा हंकेलबद्दल बोलायचंय. माझ्या मावशीचं डोंबिवलीत किराणा दुकान होतं. हप्ता मागायला दोघं आले तेव्हा ती दोन किलोचं वजन हातात घेऊन फळीबाहेर आली. गाऊनवर होती, केस विंचरलेले नव्हते. ते पुन्हा फिरकले नाहीत. दुकान चालवणारी बाई गुंडांना भिडते, यात कुणाला विनोद दिसत असेल तर दिसो.

सोनटक्का
मावशींना नमस्कार. पण एका मावशीवरून इतिहास ठरत नाही.

निशिगंधा
मग इतिहासच घ्या. एवढ्या शक्तीची तुमची वंडर वुमन १९४२ मध्ये त्याच जस्टिस सोसायटीत गेली तेव्हा तिला सेक्रेटरी केलं. पुरुष मोहिमेवर, ही कार्यालयात. मा हंकेलने कुणाची परवानगी मागितली नव्हती. आणि १९६८ मध्ये तिचं नाव सरळ एका यंत्रमानवाला देऊन टाकलं. आज रेड टॉर्नेडो म्हटलं की लोकांना तोच आठवतो. माझा खरा राग त्यावर आहे.

सोनटक्का
सेक्रेटरीचा मुद्दा बिनतोड आहे, नाइलाजाने मान्य करतो. घ्या तिला यादीत, वंडर वुमनच्या आधी. पण दगडूशिंपींनी वेताळाबद्दलचे शब्द मागे घ्यावेत.

दगडूशिंपी
नाही घेणार. वेगळा धागा काढा, तिथे पुराव्यानिशी बोलू.