मदत हवी आहे: आईच्या नैराश्यासाठी संमोहन उपचार घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला असतो. आई ६२ वर्षांची. दिवाळीपासून तिचं कशातच लक्ष नाही. पहाटे चारला जाग येते, मग झोप नाही. समोर ठेवलेल्या चहावर साय धरते, तरी हात लावत नाही. नातेवाईक म्हणतात, "मन रमव, देवळात जा." जणू ती हे मुद्दामच करते आहे!

सायकियाट्रिस्टनी डिप्रेशनचं निदान करून एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं. गुण यायला काही आठवडे लागतील, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. झोप आता जरा सुधारली आहे, पण "माझा सगळ्यांना भार झालाय" हे पालुपद सुटत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फ्रिजवर लावून ठेवला आहे.

मावशीने एक संमोहनतज्ज्ञ सुचवले. ते फोनवरच म्हणाले, "तीन बैठकींत गोळ्या बंद करू." तिथेच माझा विश्वास उडाला. या गोळ्या अशा अचानक थांबवायच्या नसतात. संमोहनात माणूस बेशुद्ध होत नाही, लक्ष एकवटून सूचना घेतो. सीबीटीला, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलण्यातून केलेल्या उपचाराला, जोड म्हणून संमोहन वापरतात. मला तसंच करणारं कोणीतरी हवं आहे, डॉक्टरांशी बोलून.

नाशिक, ठाणे किंवा पुण्यात आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी असलेले, संमोहनही शिकलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोणाला माहीत आहेत का? तुमच्या घरात कोणी हे उपचार घेतले असतील तर बैठकीत नेमकं काय करतात? आईला थोडं कमी ऐकू येतं, तरी जमेल का?