रोमन नाट्यगृह: ग्रीक रचनेची सुधारणा की मोडतोड?

अर्धवर्तुळ: रोमनांनी ग्रीक थिएटर ‘सुधारलं’ असं सर्रास वाचायला मिळतं. मला ते पटत नाही. ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या नाट्यगृहाचा (इ.स.पू. ४थे शतक) ऑर्केस्ट्रा, म्हणजे बैठकांपुढचं मोकळं अंगण, पूर्ण गोल आहे, व्यास सुमारे २० मीटर, कारण तिथे कोरस, म्हणजे नाटकातला गायक-नर्तकांचा समूह, नाचायचा-गायचा. बैठका या गोलाला अर्ध्याहून जास्त वेढतात आणि बाजूच्या वाटा, म्हणजे पॅरोडोस, उघड्या आहेत. रोमनांनी गोल निम्मा केला, त्यात सिनेटर बसवले, वाटा कमानींखाली झाकल्या आणि समोर, रंगमंचामागे, भिंत घातली. फ्रान्समधल्या ओरांजच्या रोमन नाट्यगृहाची भिंत १०३ मीटर लांब नि ३७ मीटर उंच! नट त्यापुढे मुंगीएवढा.

कमानदार: सपशेल असहमत. रोमन प्रहसनांत कोरस जवळपास उरलाच नव्हता, मग गोल कोणासाठी राखायचा? आणि सिनेटर खाली बसले म्हणूनच रंगमंच बुटका झाला. रोमन वास्तुतज्ज्ञ विट्रुव्हियस रंगमंचाच्या उंचीला पाच फुटांची मर्यादा घालतो, नाहीतर खाली बसलेल्यांना नटांचे हावभाव दिसायचे नाहीत. गर्दीचंही बघा. रोममधल्या मार्सेलसच्या नाट्यगृहात बैठकांखाली पंख्यासारख्या पसरलेल्या कमानी आहेत. प्रेक्षक त्यांतून आत शिरून थेट आपल्या टप्प्यावर निघतो. एपिडॉरसला खाली ३४ ओळी, वर २१. चढा.

चुनखडी: दोघेही ‘ग्रीक म्हणजे डोंगर, रोमन म्हणजे कमानी’ धरून बोलताय. मॅन्टिनियाचं ग्रीक थिएटर सपाटीवर मातीचा भराव घालून बांधलंय, तर ओरांज टेकडीला टेकलंय. खरा फरक सांध्यात आहे. ग्रीकांकडे प्रेक्षागृह आणि स्कीनी (रंगमंचामागची इमारत) या दोन सुट्या वास्तू. रोमनांनी त्या एकाच उंचीला आणून जोडल्या. म्हणून तर वर कापडी छत ताणता आलं.

तिसरी घंटा: आणि आवाज? एपिडॉरसला टाचणी पडलेली शेवटच्या रांगेत ऐकू येते म्हणे. मोजमापं याला दुजोरा देत नाहीत. पायऱ्या कमी कंपनांचा गोंगाट दाबतात आणि शब्द स्पष्ट होतात, एवढं खरं. रोमन भिंतीचा फायदा मात्र गणितात बसतो: नट भिंतीपासून सहा मीटरवर असेल तर परतणारा आवाज फार तर १२ मीटर जास्त फिरतो, म्हणजे सुमारे ३५ मिलिसेकंद उशीर. तो मूळ शब्दात मिसळून त्याला जोर देतो, प्रतिध्वनी होत नाही.

अर्धवर्तुळ: भिंतीचं मान्य. पण ग्रीक ऑर्केस्ट्राची मोकळी, टणक जमीनही आवाज परतवते. तिच्यावर माणसं बसवली की तो शोषला जातो. एका हाताने दिलं, दुसऱ्याने काढून घेतलं.

कमानदार: रंगमंचावरचं लाकडी छप्पर विसरलात. तेही आवाज प्रेक्षकांकडेच ढकलायचं.

चुनखडी: ते छप्पर आता कुठेय? ओरांजचं सध्याचं छत २००६चं, काचेचं नि पोलादाचं. एपिडॉरसला स्कीनीचा फक्त पाया उरलाय. तुलना करताय ती दोन अर्धवट अवशेषांची.