एकाच मशीनचा एनपीव्ही (निव्वळ आजचं मूल्य): माझा उणे 5.45 लाख, मैत्रिणीचा अधिक 3.46 लाख. कोणाचं बरोबर?

सेमदोन_नाशिक

नमस्कार. एमबीए फायनान्सच्या दुसऱ्या सत्रासाठी भांडवली अंदाजपत्रकाची केस करतेय. अंबड एमआयडीसीतला एक छोटा जॉबवर्क कारखाना, खासगी मर्यादित कंपनी, नवीन सीएनसी टर्निंग सेंटर (संगणकावर चालणारं लेथ मशीन) घेऊ पाहतोय. आकडे असे:

मशीन 40 लाख, जीएसटी सोडून. आयुष्य 5 वर्षं, शेवटी 8 लाखांना विकलं जाईल. दर तासाला 625 रुपये, दोन पाळ्यांचे 16 तास, वर्षाला 300 दिवस, म्हणजे विक्री 30 लाख. रोखीचा खर्च 16 लाख. त्यातला टूल, कूलंट आणि वीज मिळून 8 लाख, बाकी पगार, देखभाल वगैरे. खेळतं भांडवल 3 लाख. बँकेचं कर्ज 28 लाख, व्याज 10.5 टक्के. घसारा आयकराच्या पद्धतीने घटत्या शिल्लकीवर 15 टक्के, कर 25.168 टक्के, सवलतीचा दर (पुढचे पैसे आजच्या मूल्यात आणायचा) 13 टक्के.

मी हाताने सोडवलं, तर उत्तर उणे 5.45 लाख येतं. मैत्रिणीने एक्सेलमध्ये केलं, तिचं अधिक 3.46 लाख. आमच्या दोघींच्या घसाऱ्याचे आकडे तंतोतंत जुळतात. मग फरक कुठे पडला?

खतावणी

दोन्ही उत्तरं चुकली आहेत, ताई, आणि दोन्हींमागची कारणं वेगळी आहेत. बरोबर उत्तर 3.91 लाख.

आधी रोख प्रवाह. विक्री वजा रोखीचा खर्च 14 लाख, करानंतर 10.48 लाख. हे पाचही वर्षं सारखंच. त्यात घसाऱ्यामुळे वाचणारा कर मिळवायचा. घसारा 6.00, 5.10, 4.34, 3.68 आणि 3.13 लाख, त्यावरची करबचत 1.51, 1.28, 1.09, 0.93 आणि 0.79 लाख. म्हणून वर्षागणिक प्रवाह 11.99, 11.76, 11.57, 11.40 आणि 11.26. पाचव्या वर्षाअखेर मशीनचे 8 आणि सुटलेल्या खेळत्या भांडवलाचे 3 मिळवा, 22.26 होतात. 13 टक्क्यांनी आजचं मूल्य 46.91 लाख. त्यातून 43 लाख वजा करा. 43, नुसते 40 नाहीत.

तुमच्या उत्तरावरून मागे गेलं की दोन चुका सापडतात. तुम्ही दरवर्षी 28 लाखांवरचं व्याज 2.94 लाख, करानंतर 2.20 लाख, रोख प्रवाहातून वजा केलंय. पाच वर्षांत त्याचं आजचं मूल्य 7.74 लाख होतं. आणि खेळत्या भांडवलाचे 3 लाख शेवटी परत घेतलेले नाहीत, ते 1.63 लाख. 3.91 मधून हे दोन्ही काढा, बरोबर उणे 5.45 उरतात.

व्याज का काढायचं नाही? कर्ज देणाऱ्याला आणि मालकाला मिळून जो मोबदला द्यावा लागतो, तोच 13 टक्क्यांत बसवलेला आहे. व्याज वर काढलं आणि खाली सवलतही 13 टक्क्यांनीच दिली, तर कर्जाचा खर्च दोनदा मोजला जातो. नफा-तोटा पत्रकाच्या सवयीमुळे हात आपोआप व्याजाकडे जातो, म्हणून ही चूक वर्गात सर्रास दिसते.

मैत्रिणीच्या फाईलमध्ये एनपीव्ही फंक्शनला शून्य वर्षाचा उणे 43 हा सेलही दिलेला असणार. एक्सेल पहिला आकडा पहिल्या वर्षाअखेरचा धरतं, त्यामुळे सगळं आणखी एकदा 1.13 ने भागलं जातं. 3.91 भागिले 1.13 म्हणजे 3.46. फंक्शनला फक्त वर्ष 1 ते 5 द्यायचे आणि शून्य वर्षाचा आकडा बाहेरून मिळवायचा. आयआरआर (परताव्याचा अंतर्गत दर) फंक्शनला मात्र शून्य वर्षासकट सगळी रांग द्यावी लागते. दोन्ही फंक्शनची पद्धत उलटी आहे, म्हणून गोंधळ होतो.

गोदाकाठचा_सीए

वरचं गणित बरोबर आहे. कराच्या बाजूने थोडी भर.

25.168 टक्के हा दर कंपनीने 22 टक्क्यांचा पर्याय घेतला असेल तरच. 22 वर 10 टक्के अधिभार आणि त्यावर 4 टक्के उपकर. हा पर्याय घेतल्यावर नवीन यंत्रावरचा अतिरिक्त घसारा मिळत नाही. पुस्तकातून 20 टक्के अतिरिक्त घसारा उचलायचा आणि दर मात्र 25.168 ठेवायचा, असं करू नका.

मशीन वर्षात 180 दिवसांपेक्षा कमी वापरलं तर पहिल्या वर्षी घसारा निम्मा, म्हणजे 6 ऐवजी 3 लाख. दिवाळीच्या सुमारास बसवलेल्या मशीनला हेच लागू होतं. मशीन पोचल्याची तारीख इथे चालत नाही, वापरात आल्याची तारीख धरतात.

पाचव्या वर्षाअखेर पुस्तकी शिल्लक 17.75 लाख उरते आणि मशीन 8 लाखांना जातं. बरेच विद्यार्थी इथे 9.75 लाखांचा तोटा दाखवून त्यावर लगेच करबचत घेतात. आयकरात घसारा एका मशीनवर नसतो, गटावर असतो. त्याच 15 टक्क्यांच्या गटात कारखान्याची बाकी मशीनं असतील, तर हे 9.75 लाख गटात राहतात आणि पुढे वर्षानुवर्षं त्यावर घसारा मिळत जातो. त्या पुढच्या करबचतीचं पाचव्या वर्षाचं मूल्य असं: 9.75 × 0.25168 × 0.15 ÷ (0.15 + 0.13) = 1.31 लाख, आजचं 0.71 लाख. विक्री सहाव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी झाली असं मी धरलंय, म्हणजे पाचव्या वर्षाचा घसारा पूर्ण राहतो. हे मिळवलं तर एनपीव्ही 4.63 लाख. परीक्षेत प्रश्नात सांगितलं असेल तरच घ्या, प्रकल्प अहवालात मात्र गृहीतक लिहून घ्याच.

जीएसटी 18 टक्के, 7.20 लाख. क्रेडिट मिळतं म्हणून तो किमतीत धरलेला नाही, ते योग्यच. पण पैसे पहिल्या दिवशी जातात आणि क्रेडिट विक्रीवरच्या करातून हळूहळू वळतं. ही रक्कम खेळत्या भांडवलात तात्पुरती दाखवायला हवी. जीएसटीची रक्कम किमतीत धरून त्यावर घसारा घेतलात तर तेवढ्याचं क्रेडिट जातं, दोन्ही मिळत नाहीत.

दोन_पाळ्या

सगळे सवलतीच्या गणितात आहेत, मला विक्रीच्या आकड्याची जास्त काळजी वाटते. 16 तास गुणिले 300 दिवस म्हणजे 4800 तास, आणि त्यावर 625. म्हणजे मशीन प्रत्येक तास बिल करतंय असं गृहीत धरलंय. सेटिंग बदलायला वेळ जातो, इन्सर्ट बदलावे लागतात, पहिला नग तपासून मंजूर होईपर्यंत मशीन उभं असतं, ऑपरेटर रजेवर जातो, कास्टिंग वेळेवर येत नाही.

85 टक्के वापर धरा: 4080 तास, विक्री 25.5 लाख. टूल, कूलंट आणि विजेचे 8 लाख घटून 6.8 होतील, बाकी 8 लाख तसेच राहतील. 14 च्या जागी 10.7 लाख. करपूर्व वार्षिक 1 लाखाचं आजचं मूल्य 2.63 लाख आहे (0.74832 × 3.5172), त्यामुळे 3.3 लाखांच्या घटीने एनपीव्ही 8.69 लाखांनी खाली येतो. उणे 4.77.

उलट बाजूने बघा. एनपीव्ही शून्य व्हायला 14 लाख फक्त 12.51 वर यायला हवेत. 30 लाख विक्रीवर दर 5 टक्के कमी झाला की झालं. मोठे ग्राहक वर्षाच्या कराराच्या वेळी एवढी सूट मागतातच. मार्गदर्शक तोंडी परीक्षेत यावरच प्रश्न विचारतील, आणि विचारायलाच हवेत.

एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. याच 85 टक्के वापराला बँकेचा डीएससीआर, म्हणजे कर्जफेडीची क्षमता दाखवणारं गुणोत्तर, काढा. कर्ज पाच समान हप्त्यांत, दरवर्षी 5.6 लाख. पहिल्या वर्षी करानंतरचा नफा 1.32, घसारा 6, व्याज 2.94, बेरीज 10.26; भागिले 8.54. उत्तर 1.20. पूर्ण वापराला हेच 1.49 येतं. म्हणजे कर्ज फिटतंय, बँकेला पैसे मिळतायत, तरीही 13 टक्क्यांच्या हिशोबाने मालकाचं नुकसान होतंय. अहवालात हे दोन्ही आकडे शेजारी ठेवा, व्याज कुठे धरायचं आणि कुठे नाही हेही त्यातून आपसूक उलगडतं.

सेमदोन_नाशिक

खूप धन्यवाद. व्याजाचा मुद्दा आता डोक्यात बसला. अजून दोन शंका. 13 टक्के आम्हाला प्रश्नातच दिलेत, ते आले कुठून हे अहवालात लिहायचं आहे. आणि 16 लाखांत शेडच्या भाड्याचा 1.20 लाखांचा वाटा धरलेला आहे, तो ठेवू का?

खतावणी

13 टक्के: 43 लाखांत 28 कर्ज, म्हणजे 65 टक्के; करानंतर व्याज 7.86 टक्के. उरलेल्या 35 टक्क्यांवर मालकाची अपेक्षा 22.5 धरली की भारित सरासरी साधारण 13 येते. पण हे भार याच एका मशीनच्या कर्जावरून घेऊ नका. उद्या बँकेने दुसऱ्या मशीनला 90 टक्के कर्ज दिलं म्हणून त्याचा दर 13 वरून खाली येत नाही, कारण कर्जामागे मालकाची पत वापरलेली असते. कंपनीचं दीर्घकाळचं उद्दिष्ट प्रमाण घ्यावं.

22.5 ला आधार हवा असेल तर शेअर बाजारातल्या वाहन-सुट्या भागांच्या कंपन्यांचा बीटा (बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो ते) घ्या, कर्जाचा परिणाम काढा, मग आपल्या कर्जाने पुन्हा चढवा. उदाहरणापुरतं: बीटा 1.2, कर्ज-भागभांडवल प्रमाण 0.4, तर कर्जाविना बीटा 1.2 ÷ (1 + 0.74832 × 0.4) = 0.92. आपलं प्रमाण 1 धरलं तर 0.92 × 1.748 = 1.61. जोखीममुक्त दर 6.8 आणि बाजार अधिमूल्य 7 धरलं तर 18.1 टक्के. छोट्या, बाजारात नसलेल्या कंपनीसाठी यावर काही टक्के वाढवतात, ते वाढवण्याचं कारण स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि 13 टक्क्यांत महागाई धरलेली आहे, तर तुमचे 14 लाख पाच वर्षं जागचे हलत नाहीत. दर आणि पगार दोन्ही वाढवा, नाहीतर महागाई वजा केलेला सवलत दर वापरा.

भाडं: शेड आधीपासून आहे आणि ते भाडं मशीन घेतलं तरी न घेतलं तरी तेवढंच जाणार असेल, तर 1.20 लाख काढून टाका. ती जुन्या खर्चाची वाटणी आहे, नवा खर्च नाही. काढल्यावर पूर्ण वापराला एनपीव्ही 7.07, आणि 85 टक्क्यांना उणे 1.61. मात्र तो कोपरा दुसऱ्या कोणाला महिना 10,000 ने देता येत असेल, तर तेच 1.20 लाख गमावलेलं उत्पन्न म्हणून ठेवावे लागतात. कारखान्यात विचारा की ती जागा आज रिकामी आहे का आणि कोणी मागितली आहे का.

गोदाकाठचा_सीए

खेळत्या भांडवलाचे 3 लाख कसे आले तेही मांडा. ग्राहकांकडून येणी 60 दिवस रोखीच्या खर्चावर 2.63 लाख, टूल-कूलंटच्या 5 लाख वार्षिक खरेदीचा 45 दिवसांचा साठा 0.62, पुरवठादारांची 30 दिवसांची उधारी उणे 0.41, हातातली रोख 0.20. जमतं. पण तुमचा रोख प्रवाह विक्रीच्या आकड्यावरून निघालाय, म्हणून येणीही विक्री किमतीला घ्यायला हवीत: 30 × 60 ÷ 365 = 4.93 लाख. वाढलेले हे 2.30 लाख पहिल्या वर्षाअखेर गुंतलेले आणि पाचव्या वर्षाअखेर सुटलेले दाखवायचे, शून्य वर्षाला नाही. त्याने एनपीव्ही साधारण 79 हजारांनी उतरतो.

60 दिवस कुठून घेतले हेही तपासा. एमएसएमईडी कायदा 2006 नुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसला तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज लागतं. 2023 च्या वित्त कायद्याने अशी थकलेली रक्कम खरेदीदाराला पैसे देईपर्यंत करात वजावटीला मिळत नाही. कारखान्याची उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) असेल तर 45 दिवसांचा पर्यायही सोडवून दाखवा, आणि वसुलीचे प्रत्यक्ष दिवस मागच्या वर्षीच्या खातेवहीतून काढा.

दोन_पाळ्या

शेडचं भाडं काढल्यावर एनपीव्ही शून्य होणारा वापर काढला. तासाचे सगळे पैसे वजा टूल, कूलंट, वीज: पूर्ण वापराला 22 लाख. त्यातून 12.51 आणि उरलेला स्थिर खर्च 6.8, मिळून 19.31 निघायला हवेत. 19.31 ÷ 22, म्हणजे 88 टक्के, वर्षाला साधारण 4215 तास. कारखान्याच्या सध्याच्या मशीनचे तीन महिन्यांचे लॉगशीट मागा आणि प्रत्यक्ष बिल झालेले तास 4215 च्या प्रमाणात येतात का ते बघा.