रेडिओ नाट्यवाचन: १९३५ सालचा बीबीसीचा एक दिवस कसा बसवावा?

कट्टेकरी_सोलापूर

नमस्कार मंडळी. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इंग्लंडातल्या घरांत दिवसभर रेडिओवर काय लागायचं, ते दोन तासांत ऐकवायचा कार्यक्रम आमचा वाचनकट्टा बसवतोय. सभागृह शंभर खुर्च्यांचं आहे. सहा वाचिक कलाकार, एक पियानोवादक, एक मिक्सर एवढं हाताशी आहे. निवेदन मराठीत होईल.

साल कुठलं धरावं? दिवसाचा क्रम काय होता? आणि आवाज जुना वाटावा म्हणून काय करायचं? रेकॉर्डसारखी खरखर टाका, असं एकाने सुचवलंय. व्हॉल्व्हचा जुना मर्फी रेडिओही मिळतोय. तो मंचावर चालू ठेवायचा विचार आहे.

लांबलहर

आधी साल नक्की करा. १४ नोव्हेंबर १९२२ ला लंडनच्या २एलओ या केंद्रावरून बीबीसीचं प्रसारण सुरू झालं. पण सुरुवातीच्या वर्षांत वृत्तसंस्था आणि वर्तमानपत्रांच्या दबावाखाली संध्याकाळी सातच्या आत बातमी देता येत नव्हती. ९ मार्च १९३० पासून नॅशनल आणि रीजनल असे दोन पर्याय ऐकणाऱ्याला मिळाले. १९३४ मध्ये ड्रॉइटविचचं १५०० मीटर लांबलहरीवरचं १५० किलोवॉटचं केंद्र आलं. म्हणून १९३५ चा मधला वार घ्या. रविवार नको. बीबीसीचे प्रमुख रीथसाहेब यांच्या धोरणाने रविवारी प्रार्थना आणि गंभीर संगीत एवढंच असायचं, आणि करमणुकीसाठी लोक रेडिओ लक्झेंबर्ग नाहीतर नॉर्मंडी लावायचे.

नॅशनलचा साधारण क्रम असा. सकाळी सव्वादहाला प्रार्थना, साडेदहाला ग्रिनिच वेळ आणि जहाजांसाठी हवामान, मग गृहिणींसाठी भाषण. दुपारी शाळांचे पाठ. सव्वापाचला हेन्री हॉलचा डान्स ऑर्केस्ट्रा (त्याच वेळी रीजनलवर मुलांचा तास). सहाला पहिल्या बातम्या, पुढे भाषणं, आठच्या सुमारास व्हरायटी किंवा नाटक, नंतर दुसऱ्या बातम्या, साडेदहापासून मध्यरात्रीपर्यंत हॉटेलांतले नाचाचे बँड. तुम्ही निवडलेल्या तारखेचा नेमका क्रम बीबीसी जीनोम या संकेतस्थळावर मिळेल. 'रेडिओ टाइम्स'मधली छापील वेळापत्रकंच तिथे आहेत.

दोन तासांपैकी पाऊण तास संध्याकाळच्या नाटकाला द्या, सकाळ दहा मिनिटांत गुंडाळा.

एक चूक हमखास होते. आजच्या ध्वनिमुद्रणातले वेळ सांगणारे सहा 'पिप' उचलले जातात आणि त्यात शेवटचा लांब असतो. तो लांब झाला १९७२ पासून. ५ फेब्रुवारी १९२४ ला सुरू झाले तेव्हा सहाही सारखेच आखूड होते. १ किलोहर्ट्झचा सूर, दर सेकंदाला एक, प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग, असे स्वतः तयार करून घ्या. निवेदकाने आपलं नाव सांगायचं नाही. बातम्या देणाऱ्याचं नाव हवेवर यायला लागलं १९४० मध्ये. कार्यक्रमांच्या मधली रिकामी जागाही भरू नका. तिथे घड्याळाची टिकटिक किंवा बो चर्चच्या घंटा वाजायच्या. मराठी प्रेक्षक अर्ध्या मिनिटात चुळबुळ करू लागतो, म्हणून वीस सेकंद पुरेत.

रिबनमाईक

खरखर अजिबात नको. तो सुईचा आवाज आहे, आणि त्या दिवसाचा बहुतेक भाग थेट जायचा. ध्वनिमुद्रण होतं ते ब्लाटनरफोनच्या आणि पुढे मार्कोनी-स्टिलेच्या पोलादी फितीवर. सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने पळणारी फीत तुटली तर पात्यासारखी कापायची.

जुनेपणा आणायचा तर आवाजाचा कंप्रतेचा पट्टा आवळा. १५० हर्ट्झच्या खालचं आणि ५ किलोहर्ट्झच्या वरचं कापा, सगळं मोनो करा, समोर मधोमध एकच स्पीकर चालवा आणि सभागृहातले बाजूचे बॉक्स बंद ठेवा. फिल्टर निवेदन, नाटक, संगीत सगळ्यांवर सारखा हवा, नाहीतर कान फसत नाहीत.

बीबीसी-मार्कोनीचा टाइप ए रिबन माईक १९३४ चा. तो पुढून-मागून ऐकतो, बाजूंनी बहिरा. तुमच्याकडे असाच, आठच्या आकड्याचा पॅटर्न असलेला कंडेन्सर माईक असेल तर नट समोरासमोर उभे करा. पात्र निघून जातंय असं दाखवायला मिक्सरवरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) ओढू नका, नटाला चालत बाजूला नेऊन त्या बहिऱ्या पट्ट्यात शिरू द्या.

नाटकासाठी त्यांची पद्धत वेगळीच होती. संवाद एका स्टुडिओत, इफेक्ट दुसऱ्यात, वाद्यवृंद तिसऱ्यात. दिग्दर्शक कंट्रोल पॅनेलवर बसून सगळं मिसळायचा आणि दिव्याने इशारा द्यायचा. तुम्ही दोन खोल्या वापरा. संवादाची खोली कोरडी हवी. सोलापुरात चादरींना काय तोटा! दुहेरी घडी करून तीन भिंतींवर टांगा, पण भिंतीपासून वीतभर अंतर ठेवा. चिकटवून लावल्या तर फक्त वरचे सूर गिळतात आणि खालचा घुमा तसाच राहतो.

कागद_वाजतो

भाषणाबद्दल. १९२७ ते ३२ भाषण विभाग हिल्डा मॅथिसनकडे होता. तिचा आग्रह असा की सभेला उद्देशून बोलू नका, घरात बसलेल्या एका माणसाशी बोला. आपल्याकडचे वक्ते नेमके इथेच घसरतात, कारण माईक दिसला की 'बंधू आणि भगिनींनो' बाहेर पडतंच. मूळ भाषण पंधरा-वीस मिनिटांचं असायचं, तुम्ही सात मिनिटांचं करा. मराठीत संथ वाचलं तर साडेसातशे शब्द बसतात. ए. जे. अॅलन हा गोष्टी सांगणारा, कागद सळसळू नये म्हणून पानं पुठ्ठ्यावर चिकटवायचा आणि वीज गेली तर म्हणून मेणबत्ती जवळ ठेवायचा. दोन्ही उचला. तो १९४१ मध्ये वारला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, त्यामुळे त्याच्या गोष्टींचं भाषांतर करायला अडचण नाही.

चॅसिस_२३०

मर्फी थेट बोर्डात घालू नका. एसी/डीसी संच असेल तर चॅसिसवरच (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) मेनची तार येते. मागचं झाकण किंवा बटणाचा स्क्रू उघडा असला की झटका. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. वर्षानुवर्षं बंद असलेला संच पहिल्यांदा ६० वॉटच्या तारेच्या बल्बमधून, सिरीजमध्ये लावा (एलईडी चालत नाही). बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच जळत राहिला तर आत शॉर्ट आहे. आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला कागदी कंडेन्सर न तपासता बदला. तो गळू लागला की व्हॉल्व्ह तापतो आणि मग आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. संच सुधारला की मिक्सरची तार मागच्या ग्रामोफोनच्या सॉकेटला द्या, तीही ऑडिओ ट्रान्सफॉर्मरमधून. आणि पुढे हिरवा 'मॅजिक आय' (केंद्र नीट लागलंय का दाखवणारा दिवा) असेल तर तो झाका. तो दिवा अमेरिकेत बाजारात आला १९३५ लाच.

कट्टेकरी_सोलापूर

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं: हे सोलापुरात कोणाला ऐकू यायचं का? तसा एक प्रवेश घालता आला तर बरं.

लांबलहर

नॅशनल नाही. १९ डिसेंबर १९३२ पासून डॅव्हेंट्रीहून लघुलहरींवर एम्पायर सर्व्हिस सुरू झाली, भारतासाठी वेगळी वेळ होती. त्या लहरींना अक्षरनावं होती: जीएसबी ३१.५५ मीटर, जीएसडी २५.५३ मीटर. त्या नाताळात पाचव्या जॉर्जचं भाषण ग्रिनिच दुपारी तीनला झालं, म्हणजे भारतीय प्रमाणवेळेने रात्री साडेआठ. मुंबईचं १९२७ चं केंद्र दीड किलोवॉटचं, दिवसा इथवर पोचणं कठीणच.

या प्रवेशात मात्र फिल्टर बदला: वरची मर्यादा साडेतीन किलोहर्ट्झ, आणि आवाज दर दहा-पंधरा सेकंदांनी हळूहळू बुडून वर येऊ द्या. बुडतो तेव्हा शब्द घोगरे होतात, म्हणून महत्त्वाचं वाक्य तिथे येणार नाही एवढं बघा. १९३५ च्या दिवसात १९३२ चं भाषण घुसडायचं नसेल, तर तो प्रवेश मध्यंतराआधी वेगळा ठेवा आणि निवेदकाला तारीख सांगू द्या.