कृती तीच, परिणाम वेगळा: शिक्षा नेमकी कशावरून ठरवायची?

तिरपा_चौक
५०ची मर्यादा असलेला रस्ता. दोन चालक, दोघेही ९०ने, दोघांनीही लाल सिग्नल तोडला. एकाच्या आडवं कुणी आलं नाही. दुसऱ्याच्या समोर पादचारी आला आणि जागीच गेला. इंग्लंडात पहिल्याला ‘धोकादायक वाहनचालन’ म्हणून जास्तीत जास्त २ वर्षं. दुसऱ्याला २८ जून २०२२पूर्वी कमाल १४ वर्षं होती, आता थेट जन्मठेपेपर्यंत. दोघांनी केलं तेच. फरक पडला तो पादचारी घरून कधी निघाला यावर.

शिक्षा कृत्याला द्यायची की परिणामाला? आणि दंडाचं काय? सगळ्यांना एकच आकडा लावला तर एकाचा महिना कोलमडतो, दुसऱ्याच्या लक्षातही राहत नाही. शिवाय वेग मोजणाऱ्या यंत्रावर आणि सीसीटीव्हीवर कितपत विसंबायचं?

कायदा किंवा मोजमाप जाणणाऱ्यांनी लिहावं. ‘भर चौकात फटके द्या’ छाप प्रतिसाद नकोत, ते बातम्यांखाली भरपूर मिळतात.

कलमदान
दोघांनी केलं ते सारखंच, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. कुणी मेलं नसेल तर ते सिद्ध करायला सहसा कुणी बसतच नाही. पहिल्या चालकाचा ना पंचनामा, ना रक्ताचा नमुना, ना रस्त्यावरच्या खुणांची मोजणी. सिग्नलचं चलन फाडलं की विषय संपला. त्यामुळे तफावत कलमात दिसते त्याहून जास्त तपासात असते.

आता कलमांची उतरंड. इंग्लंडात सक्षम आणि दक्ष चालकाकडून असलेल्या अपेक्षेच्या खाली गेलात तर निष्काळजी, ‘खूपच खाली’ गेलात तर धोकादायक. मृत्यू झाला असेल तर निष्काळजीला कमाल ५ वर्षं, धोकादायकला जन्मठेपेपर्यंत. सगळा खटला त्या ‘खूपच’भोवती फिरतो. आरोपी निष्काळजीपणा कबूल करायला तयार असतो आणि सरकारी पक्षालाही हातातली दोषसिद्धी सोडवत नाही.

भारतात निष्काळजीपणाने मृत्यू घडवला तर १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(१): कमाल ५ वर्षं (जुन्या दंड संहितेच्या ३०४अ मध्ये २ होती), किमान काहीच नाही. वरची पायरी कलम १०५ची: मृत्यू होऊ शकतो याची जाणीव असूनही केलेलं कृत्य, १० वर्षांपर्यंत. जाणिवेचा मुद्दा किती फरक पाडतो ते अलिस्टर परेरा खटल्यात दिसतं. दारूच्या अमलाखाली गाडी फुटपाथवर गेली, ७ जण गेले. सत्र न्यायालयाने निष्काळजीपणा धरून ६ महिने दिले. उच्च न्यायालयाने जाणीव धरून ३ वर्षं दिली आणि २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

जाणीव शाबीत करताना तपास यंत्रणा हमखास माती खाते ती रक्ताच्या नमुन्यात. कातडी स्पिरिटने पुसली, बाटलीत सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारं रसायन) नाही, सील कुणी लावलं याची नोंद नाही, यातलं एक जरी सापडलं तरी बचाव पक्षाचं काम झालं. उशिरा घेतलेला नमुना मात्र लगेच बाद समजू नये. रक्तातलं अल्कोहोल ताशी साधारण १५ मिलिग्रॅम (प्रति १०० मिलिलिटर) उतरतं, माणसागणिक १० ते २५. चार तासांनी २० मिळालं तर घटनेच्या वेळी कमीत कमी ६०, जास्तीत जास्त १२०. भारतातली मर्यादा ३० आहे, म्हणजे आरोपीच्या सर्वांत सोयीचा आकडा धरला तरी दुप्पट. अट इतकीच की शेवटचा प्याला अपघाताच्या बराच आधी संपलेला असावा. नाहीतर अल्कोहोल तेव्हा रक्तात चढतच होतं असा युक्तिवाद येतो, आणि तो रास्त असतो.

तुमच्या मूळ प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर स्वित्झर्लंडने दिलं. २०१३पासून तिथे ५०च्या रस्त्यावर ५०ने जास्त (३०च्या रस्त्यावर ४०, ८०च्या रस्त्यावर ६०) गेलात की किमान १ वर्ष कैद, कुणाला खरचटलं नसलं तरी. तुमचा ९०वाला या कलमातून १० किलोमीटरने सुटतो, पण ‘गंभीर उल्लंघना’खाली ३ वर्षांपर्यंत कैदेला पात्र राहतोच. किमान शिक्षेचा जाच पुढे जाणवला. रिकाम्या रस्त्यावर पहिल्यांदाच चुकलेला आणि सराईत, दोघांना एकच माप. म्हणून १ ऑक्टोबर २०२३पासून, आधीच्या १० वर्षांत तसा गुन्हा नसेल तर किमान मर्यादेच्या खाली जायची मुभा न्यायाधीशांना मिळाली.

माझं मत: शिक्षेची खालची मर्यादा कृत्याने ठरावी, वरची परिणामाने. परिणामाला शून्य वजन देणं मृताच्या घरच्यांना पटणार नाही, आणि पटावं असंही मी म्हणणार नाही.

खडी_आणि_डांबर
मोजमापाबद्दल. सीसीटीव्हीवरून वेग काढणं वाटतं तितकं साधं नाही. समजा कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेम घेतो आणि गाडीने १० मीटर अंतर १२ फ्रेममध्ये कापलं. वेळ ०.४८ सेकंद, वेग ताशी ७५. पण गाडीचं चाक खुणेवर नेमकं कोणत्या फ्रेमला आलं यात एका फ्रेमची चूक सहज होते. ११ धरल्या तर ८२, १३ धरल्या तर ६९. हाच हिशोब ४० मीटरवर ४८ फ्रेमनी केला तर एका फ्रेमच्या चुकीने उत्तर ७३.५ ते ७६.६ याच पट्ट्यात राहतं. अंतर लांब घ्या, हा पहिला नियम.

दुसरा नियम: २५ फ्रेम हा आकडा गृहीत धरू नका. दुकानावरचे कॅमेरे प्रकाश कमी झाला की फ्रेम गाळतात, आणि ‘२५’ असं लिहिलेली फाईल प्रत्यक्षात १३-१४वर चाललेली असते. प्रत्येक फ्रेमची वेळ मूळ फाईलमधून काढावी लागते.

घसरणीच्या खुणांवरून वेग काढायचा तर: वेगाचा वर्ग = २ × घर्षणांक (रस्त्याची पकड) × ९.८१ (गुरुत्वाकर्षण) × खुणेची लांबी. वेग मीटर प्रति सेकंदात निघतो, ताशी किलोमीटरसाठी गुणिले ३.६. ३० मीटर खूण, कोरडं डांबर, घर्षणांक ०.७ धरला तर ताशी ७३. तोच ०.६ धरला तर ६८, ०.८ धरला तर ७८. पाऊस झाला असेल तर आकडा आणखी खाली. म्हणून घर्षणांक पुस्तकातून न उचलता त्याच रस्त्यावर, तशाच हवामानात चाचणी करून काढायचा असतो. ते न करता अहवालात ‘वेग ७३.१’ लिहिणारा तज्ज्ञ उलटतपासणीत दहा मिनिटं टिकत नाही. आणि खुणेवरून निघतो तो घसरणीत गेलेला वेग. धडकेच्या क्षणी उरलेला वेग त्यात धरलेला नसतो, त्यामुळे खरा वेग त्याहून जास्तच. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेल्या गाड्या ठळक खुणा सोडत नाहीत हीसुद्धा अडचण. तिथे गाडीतला घटना-नोंदक कामी येतो. धडकेआधीच्या ५ सेकंदांतला वेग, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटर त्यात असतं. युरोपीय संघात जुलै २०२४पासून प्रत्येक नव्या कारमध्ये तो सक्तीचा आहे.

रडारचा कोनामुळे येणारा फरक सहसा चालकाच्या फायद्याचाच असतो. गाडीच्या दिशेशी २५ अंशांवर धरलेलं रडार खऱ्या वेगाच्या साधारण ९० टक्केच दाखवतं. कोनाची भरपाई आधीच करून बसवलेला कॅमेरा मात्र खांब हलला की उलट चूक करू शकतो.

तिरपा_चौक
कलमदान, खडी_आणि_डांबर, दोघांचेही आभार. म्हणजे चुकीचा पट्टा ६९ ते ८२ असेल तर कोर्टाने ६९ धरायचं? मग प्रत्येक जण पट्ट्याच्या तळाशी लपेल.

खडी_आणि_डांबर
लपू द्या. जर्मनीत हे सरसकट करतात: नेहमीच्या यंत्रांवर १००पर्यंत ३ किलोमीटर वजा, १००च्या वरच्या वेगाला ३ टक्के वजा, आणि उरेल त्यावर कारवाई. वजावट आधीच जाहीर असली की यंत्राच्या अचूकतेवर दर खटल्यात वाद घालायची गरज उरत नाही.

बारा_गुण
दंडाबद्दल. फिनलंडमध्ये १९२१पासून दिवस-दंड आहे. मर्यादेपेक्षा २०हून जास्त वेग असेल तर तो लागतो, त्याखाली ठरावीक रक्कम. महिन्याच्या निव्वळ उत्पन्नातून २५५ युरो वजा, भागिले ६०, अवलंबून असलेल्या माणसामागे ३ युरो कमी. हा झाला एका दिवसाचा दर. किती दिवस ते गुन्ह्यावरून. १२ दिवस ठरले तर २,००० कमावणाऱ्याला सुमारे ३५० युरो, २०,००० कमावणाऱ्याला ३,९५०. २०२३मध्ये ५०च्या रस्त्यावर ८२ने गेलेल्या एका उद्योजकाला १,२१,००० युरो भरावे लागले.

कच्चा दुवा आहे तो ‘उत्पन्न’ या शब्दात. २००२मध्ये तिथल्या एका कंपनी-संचालकाला १,१६,००० युरो दंड झाला. मधल्या काळात उत्पन्न घटल्याचं त्याने अपिलात दाखवलं आणि दंड तब्बल ९५ टक्क्यांनी उतरला. संपत्ती जमीन किंवा कंपनीत अडकलेली आणि पगार नाममात्र असेल तर सूत्र फसतंच. जिथे बहुतेक लोकांचं उत्पन्न कर खात्याला दिसतच नाही, तिथे पगारदार मात्र पूर्ण भरणार. इंग्लंडनेही वेगाच्या गुन्ह्यांना आठवड्याच्या उत्पन्नाचे ५०, १०० आणि १५० टक्के असे तीन पट्टे केलेत, आणि मग १,००० पौंडांची कमाल मर्यादा (मोटरवेवर २,५००) घालून श्रीमंतांपुरतं सगळं परत मिटवून टाकलंय!

म्हणून मला परवाना-गुण (गुन्ह्यागणिक परवान्यावर चढणारे दोषगुण) जास्त न्याय्य वाटतात. ते पैशाने फिटत नाहीत. इंग्लंडात ३ वर्षांत १२ झाले की किमान ६ महिने गाडी बंद. पळवाट ‘असामान्य हालअपेष्टा’ची: बंदीने मला किंवा माझ्यावर अवलंबून असलेल्यांना असामान्य त्रास होईल असं सांगायचं. नुसती गैरसोय चालत नाही, पुरावा लागतो, आणि एकदा वापरलेलं कारण ३ वर्षं परत चालत नाही. तरी चांगला वकील परवडणारा इथेही पुढेच.

कैद आणि बंदी एकत्र दिली तर बंदीचे दिवस तुरुंगातच सरतात. इंग्लंडात २०१५पासून कैदेत जाणाऱ्या काळाइतकी बंदी वाढवून देतात. कैदेसोबत बंदी असेल तर निकालपत्रात ती कधीपासून मोजायची ते आधी पाहा.

मागचा_आरसा
बारा_गुण, गुण पैशाने फिटत नाहीत हे अर्धसत्य आहे. कॅमेऱ्याला नंबरपाटी दिसते, चालक दिसत नाही. गुण दुसऱ्याच्या नावावर ढकलणं हा बऱ्याच देशांत धंदाच आहे. इंग्लंडात मालकाला २८ दिवसांत चालक कोण होता ते सांगावं लागतं, न सांगितल्यास ६ गुण. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर हे गुण कुणाच्या परवान्यावर टाकणार? कंपनीला परवाना नसतो, ती दंड भरून मोकळी होते.

नोटीस वेळेत येणं हाही न्यायाचाच भाग. इंग्लंडात कॅमेऱ्याच्या वेगाच्या प्रकरणात पहिली नोटीस १४ दिवसांत पोहोचावी लागते. भारतात २०२१च्या नियम १६७अ नुसार १५ दिवसांत, शिवाय यंत्राचं मंजुरी प्रमाणपत्र दर वर्षी नवं करायचं आणि कॅमेऱ्याआधी फलक लावायचा. सहा महिन्यांनी एकदम दहा चलनं मिळालेल्या माणसाला त्या दिवशी काय झालं ते आठवणं शक्य नसतं, आणि मधल्या काळात त्याची सवयही सुधारलेली नसते. चलनाला हरकत घ्यायची असेल तर घटनेची तारीख, नोटिशीची तारीख आणि प्रमाणपत्राची मुदत हे तीन कागद आधी जमवा, वेगाचा वाद नंतर.

खडी_आणि_डांबर
चौथी गोष्ट फुटेजची. दुकानाच्या डीव्हीआरवर (कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरवर) जुनं फुटेज काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. लेखी मागणी लगेच द्या आणि मूळ फाईलच मागा. स्क्रीनसमोर मोबाईल धरून केलेल्या चित्रीकरणात फ्रेमच्या मूळ वेळा उरत नाहीत, त्यावरून वेग काढता येत नाही.