डॉ. सुशीला नय्यर: मोठं काम कुठलं, आरोग्यमंत्रिपद की सेवाग्रामचं कॉलेज?

वर्धेकर:
परवा कुठेतरी सुशीला नय्यर यांची ओळख 'गांधीजींच्या डॉक्टर आणि माजी केंद्रीय आरोग्यमंत्री' एवढ्यावर आटोपलेली वाचली आणि राहवलं नाही. दिल्लीच्या लेडी हार्डिंगमधून डॉक्टर, आगाखान पॅलेसमध्ये बापू-बांसोबत कैद, गांधीहत्येनंतर जॉन्स हॉपकिन्सला जाऊन सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण, झांशीच्या खासदार, १९६२ ते ६७ केंद्रात आरोग्यमंत्री. एवढं झाल्यावर माणूस राजभवनाची वाट बघतो. बाईंनी १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीत, सेवाग्रामला मेडिकल कॉलेज काढलं. खेड्यात!

तिथे पहिल्याच वर्षी पोरं आधी आश्रमात राहतात, मग एका गावात मुक्कामी शिबिर. प्रत्येक बॅचचं एक गाव ठरलेलं, प्रत्येकाकडे काही कुटुंबं. वजनं घ्या, हिमोग्लोबिन बघा, पाणी कुठून येतं ते विचारा. इतर कॉलेजांत पीएसएमच्या (सामाजिक आरोग्याच्या विषयाच्या) तासाला मागच्या बाकावर मेडिसिनचं पुस्तक उघडून बसायची पद्धत होती, तेव्हापासूनची ही गोष्ट. माझं मत: मंत्रिपद विसरलं तरी चालेल, हे विसरू नये.

जुना_इंटर्न:
अजिबात सहमत नाही. खादी घातली, प्रार्थना म्हटली म्हणून कुणाला रेडिओलॉजीची सीट नकोशी झाल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. सेवाग्रामची मुलंही पुण्या-मुंबईत, अमेरिकेत आहेतच की. गैर काही नाही त्यात, पण मग त्या शिबिराचे गोडवे कशाला?

मी बाँडचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काढलं. क्वार्टरचं छत गळायचं, म्हणून खाट स्वयंपाकघरात. रात्री बाळंतीण अडली की सिस्टर आणि मी दोघंच. अँब्युलन्स दारात उभी, ड्रायव्हरचं पद रिक्त. तिथे मला गावकऱ्यांबद्दलचा कळवळा कमी पडला नाही, ड्रायव्हर कमी पडला. आणि ड्रायव्हर, छत, पगार या गोष्टी मंत्रालयातून येतात. म्हणून बाईंना मोजायचं तर मंत्री म्हणून मोजा. त्यांच्याच काळात, १९६५ मध्ये, लूपची, म्हणजे मूल होऊ नये म्हणून गर्भाशयात बसवायच्या साधनाची, मोहीम आली. टार्गेट दिली, शिबिरं लावली. नंतर रक्तस्राव व्हायला लागला तेव्हा त्या बायकांना तपासायला कुणी नव्हतं, आणि लूपचं नाव कायमचं बद्दू झालं. हाही वारसाच ना?

वर्धेकर:
लूपचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. दिल्लीचा आदेश गावापर्यंत पोचला, पण रक्तस्राव होणाऱ्या बाईकडे बघायला डॉक्टर पोचला नाही. मंत्रिपद गेल्यावर बाईंनी नेमकं डॉक्टर घडवायचंच काम हाती घेतलं, हा योगायोग नसावा असा माझा अंदाज. शिवाय तिथे नुसतं शिबिर नव्हतं. एमबीबीएसनंतर दोन वर्षं ग्रामीण सेवा केल्याशिवाय तिथल्या पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) उभं करत नसत.

तात्या_आर्वीकर:
आमच्याकडचे लोक त्यांना बडी बहनजी म्हणत. आमच्या घरची तीन बाळंतपणं कस्तुरबात, त्या कॉलेजच्या दवाखान्यात, झाली. तुमचं चालू द्या.

मंजिरी_केएम:
मी कम्युनिटी मेडिसिन शिकवते, कॉलेजचं नाव सांगत नाही. २०२१ पासून कुटुंब दत्तक योजना (प्रत्येक विद्यार्थ्याकडे गावातली काही कुटुंबं) देशभर सगळ्या मेडिकल कॉलेजांना लागू झाली आहे, म्हणजे सेवाग्रामची कल्पना आता अभ्यासक्रमात आली. वर्धेकरांनी खूश व्हावं! पण आमच्याकडे ती कशी दिसते बघा. बस गावात थांबते, ॲप्रनवाली पोरं उतरतात, अंगणात सतरंजी पडते. आजीचं बीपी घेतात, १७० निघतं, लॉगबुकात लिहितात. आजी विचारते, "मंग गोळी?" पोरगं माझ्याकडे बघतं. मी म्हणते, पीएचसीत जा. बस निघते.

सेवाग्रामला तीच आजी कस्तुरबाच्या ओपीडीत येते, कारण दवाखाना आणि गाव यांचा आधीपासून व्यवहार आहे. सुगीला घरटी ज्वारी गोळा करून गावाचा आरोग्य विमा चालवला त्यांनी. ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची, त्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचं नि औषधांचं भागायचं, आणि दवाखान्यात उपचाराला सवलत. आम्ही शिबिर तेवढं उचललं, ज्वारी राहिली. त्यामुळे दोघांनाही माझा अर्धाच पाठिंबा. जुना_इंटर्न, गळकं छत खरं आहे, पण छत दुरुस्त झालेल्या पीएचसीतही जागा रिकाम्या पाहिल्यात मी.

जुना_इंटर्न:
ज्वारीचं माहीत नव्हतं, भारी आहे. तरी एक विचारतो. असं कॉलेज एक. देशात शेकडो. महाराष्ट्रात सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झाल्यावर वर्षभराचा बाँड आहे, आणि माझ्या वेळी दहा लाख भरले की तोही सुटायचा. ज्यांच्या घरी दहा लाख होते ते भरायचे, उरलेले माझ्यासारखे जायचे. बडी बहनजींचं उदाहरण देऊन यातलं काय बदलणार? बदलायचं तर नियम बदलावा लागेल, म्हणजे पुन्हा मंत्रीच.

वर्धेकर:
मंत्री पाहिजेच, नाही कोण म्हणतंय? पण दंडाचा नियम करणारा मंत्री आणि पीजीची सीटच गावाला बांधणारी संस्थापक यात मला दुसरी जास्त व्यवहारी वाटते. दहा लाख भरता यायचे, दोन वर्षं भरता येत नव्हती.

जुना_इंटर्न:
आता प्रवेश सगळे नीटच्या रँकवर. तुमच्या सेवाग्रामची गांधीविचारांच्या पेपरासकट वेगळी प्रवेश परीक्षा होती, तीही गेली. मग संस्थापकांच्या अटी किती दिवस पुरणार?

मंजिरी_केएम:
याचं उत्तर सध्या सेवाग्रामला शिकणाऱ्यांनी द्यावं. असेल कुणी इथे तर लिहा, आमच्या विभागातही यावर वाद चालूच आहे.